वास्तुकार चित्रकार होतो तेव्हा : बाळकृष्ण दोशी आणि उशिरा सुटलेली रेघ

 

आमच्या व्यवसायात एक वाक्य फार ऐकू येतं. साठीला आलेला वास्तुकार मित्र भेटतो, चहा घेता घेता म्हणतो, 'आता साइट पुरे झाल्या, आता निवांत चित्रं काढणार.' ऐकणाऱ्यांपैकी निम्मे लोक कौतुकानं मान हलवतात. उरलेले मनात म्हणतात, 'चला, यांना वेळ घालवायला काहीतरी सापडलं.' आज आपण या वाक्याकडे जरा गंभीरपणे पाहणार आहोत. चाळीस वर्षं नकाशे काढलेला हात चित्र काढायला बसतो तेव्हा नेमकं काय होतं? त्याला काय फुकट मिळालेलं असतं, आणि काय विसरावं लागतं? आणि शेवटी एक काळजीची गोष्ट बोलायची आहे. अशी उशिराची वाट पुढच्या पिढीला उरणार आहे का?

उदाहरण घेणार आहोत बाळकृष्ण विठ्ठलदास दोशी यांचं. जन्म पुण्यातला, २६ ऑगस्ट १९२७ चा. घरी फर्निचरचा व्यवसाय. पुढे कर्मभूमी अहमदाबाद. वास्तुकलेतलं प्रिट्झकर पारितोषिक २०१८ मध्ये मिळालं, आणि ते मिळवणारे ते पहिले भारतीय. २४ जानेवारी २०२३ रोजी ते गेले. वास्तुकार म्हणून त्यांना सगळे ओळखतात. उत्तरायुष्यात ते चित्रं रंगवत बसत, हे त्या मानानं कमी लोकांना ठाऊक असतं.

पण अहमदाबादला जाण्याआधी नागपुरातच थोडं थांबू. वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ साली या शहरात झाला. सय्यद हैदर रझा मंडला जिल्ह्यातले, पण चित्रकलेचं पहिलं रीतसर शिक्षण घेतलं ते नागपूरच्या कला विद्यालयात. आणि हरी अंबादास गाडे अमरावती जिल्ह्यातले, शिक्षणानं विज्ञानाचे पदवीधर. १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला, त्यातल्या पहिल्या सहा जणांत रझा आणि गाडे होते. म्हणजे विदर्भाचा वाटा काही लहान नाही.

यातली रझांची एक गोष्ट आपल्या विषयाला धरून आहे. १९४८ मध्ये रझा काश्मीरला गेले होते. तिथे फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ भेटले. त्यांनी रझांची चित्रं पाहिली आणि सांगितलं की हात छान आहे, पण चित्रांना बांधणी नाही. सेझान नीट पाहा. रझांनी हा सल्ला आयुष्यभर लक्षात ठेवला आणि १९५० मध्ये ते पॅरिसला गेले. आता गंमत बघा. रंगावर हुकमत असलेल्या तरुण चित्रकाराला सांगावं लागतं, की बाबा रे, चित्र बांधायला शीक. वास्तुकार जेव्हा चित्राकडे येतो, तेव्हा प्रश्न बरोबर उलटा असतो. बांधणी त्याच्या हाडात मुरलेली असते. त्याला शिकायचं असतं ते सैल सोडायला.

दुसरी एक गोष्ट आपण विसरून गेलो आहोत. एके काळी ही दोन्ही माणसं एकाच छपराखाली शिकत होती. मुंबईचं सर जे. जे. कला विद्यालय १८५७ चं. वास्तुकला हा त्याच विद्यालयाचा एक विभाग होता; १९५८ साली त्याचं स्वतंत्र महाविद्यालय झालं. दोशी तिथे दाखल झाले १९४७ मध्ये. गायतोंडे तिथूनच पदविका घेऊन बाहेर पडले १९४८ मध्ये. म्हणजे एका आवारात एका बाजूला रंगाचे पॅलेट, दुसऱ्या बाजूला टी-स्क्वेअर. १९५८ च्या विभाजनानं प्रशासनाची सोय झाली असेल, पण वास्तुकला शिकणाऱ्या मुलाच्या नाकाला टर्पेंटाइनचा वास येणं बंद झालं, हेही खरं.

आता मूळ मुद्दा. वास्तुकाराची रेघ आणि चित्रकाराची रेघ यांत फरक काय?

आम्ही ड्रॉइंग बोर्डावर वाढलेली पिढी. ट्रेसिंग पेपर ताणून लावायचा, रॉटरिंगचं पेन घ्यायचं, आणि रेघ मारायची. चुकली तर ब्लेडनं हळूच खरडायची, कागद फाटू न देता. मग त्याची अमोनिया प्रिंट निघायची आणि ती साइटवर जायची. त्या कागदावरची प्रत्येक रेघ म्हणजे एक हुकूम असतो. जाड रेघ म्हणजे कापलेली भिंत. बारीक रेघ म्हणजे पलीकडे दिसणारी कड. तुटक रेघ म्हणजे डोक्यावरची तुळई किंवा छज्जा. गवंड्यानं ती वाचली की त्याच्या मनात शंका राहता कामा नये. एका रेघेचे दोन अर्थ निघाले तर साइटवर भिंत पाडावी लागते, आणि पैसे कोणाच्या खिशातून जाणार यावर भांडण होतं. म्हणून आमचं सगळं शिक्षण एकाच गोष्टीसाठी असतं : रेघेचा अर्थ एकच निघाला पाहिजे.

चित्रात नेमकं उलटं. ज्या रेघेचा एकच अर्थ निघतो, ती रेघ चित्रात लवकर मरते.

रंगाचंही तेच. महापालिकेत मंजुरीसाठी नकाशा जातो तेव्हा त्यावरचे रंग ठरलेले असतात. नवं बांधकाम लाल. पाडायचं बांधकाम पिवळ्या तिरप्या रेघांनी. सांडपाण्याची नळी लाल तुटक रेघेनं. आता विचार करा, ज्या माणसानं चाळीस वर्षं पिवळा रंग 'हे पाडायचं आहे' या अर्थानं वापरला, तो एक दिवस कॅनव्हाससमोर बसून पिवळा रंग घेतो. त्याच्यासाठी तो पिवळा रंग ऊन व्हायला, पळसाच्या झाडाखालची धूळ व्हायला, नुसताच पिवळा व्हायला किती वेळ लागत असेल!

याची प्रचीती घ्यायची असेल तर एक साधा प्रयोग करा. आपली दीक्षाभूमी घ्या. वास्तुकार म्हणून ती कशी काढाल? आधी प्लॅन : एक मोठं वर्तुळ, चार दिशांना चार दरवाजे. मग सेक्शन : स्तूप मधोमध कापायचा. तेव्हा कळतं की सांचीचा स्तूप आतून भरीव आहे, आपला पोकळ, आणि आत माणसं उभी राहतात. मग एलिव्हेशन : घुमट, वरचं छत्र. तीन कागद झाले. इमारत पूर्ण कळली. पण १४ ऑक्टोबर १९५६ यांपैकी कुठल्या कागदावर आला? विजयादशमीला लाखो माणसं येतात, डोक्यावर पिशव्या, हातात लेकरं, पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, पुस्तकांचे स्टॉल, पायांखालची धूळ. घुमटाचा पांढरा आणि माणसांच्या कपड्यांचा पांढरा एकमेकांत मिसळतो. हे तिन्ही कागदांवर नाही. तिथे चित्रकार लागतो. आणि चित्रकाराला दरवाजांची रुंदी माहीत नसली तरी चालतं.

आता दोशींकडे येऊ. १९५० मध्ये ते लंडनला गेले. १९५१ मध्ये पॅरिसला ल कोर्बुझिए यांच्या कार्यालयात दाखल झाले. पहिले आठ महिने पगार नाही. दोशींना फ्रेंच येत नव्हतं, कोर्बुझिए यांचं इंग्रजी तोडकंमोडकं. त्यामुळे दोघांचं बोलणं बरंचसं चित्रातून, असं दोशी नेहमी सांगत. एक जण रेघ काढणार, दुसरा त्याच्यावर रेघ काढून उत्तर देणार.

कोर्बुझिए यांचा दिनक्रम त्यांना तिथे पाहायला मिळाला. सकाळी घरी चित्रं, दुपारनंतर कार्यालय. १९१८ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते चित्रकलेकडे गंभीरपणे वळले आणि मग ते काम त्यांनी कधी सोडलं नाही. चित्र हा त्यांचा रियाज होता. मैफल दुपारी, रियाज सकाळी, असं समजा. बाहेरच्या लोकांना मैफल दिसते. कार्यालयातल्या पोरांना रियाजाचा सुगावा लागतो.

पण गुरूची रीत पाहिली म्हणजे ती लगेच अंगी लागते असं नाही. दोशी १९५४ च्या सुमारास परत आले आणि अहमदाबादमधल्या कोर्बुझिए यांच्या इमारतींवर देखरेख करू लागले. मग स्वतःचं कार्यालय 'वास्तुशिल्प'. १९६२ मध्ये वास्तुकला विद्यालय, ज्याचं पुढे सेप्ट विद्यापीठ झालं. लुई कान यांना अहमदाबादच्या आयआयएमसाठी बोलावण्यात पुढाकार. बंगलोरचं आयआयएम. इंदूरची अरण्य वसाहत, जिथे गरिबाला जोतं, पाणी आणि संडास देऊन घर त्यानं आपल्या ऐपतीनं वाढवायचं. इतक्या कामात सकाळ कुठली मोकळी राहणार? आपल्याकडच्या बहुतेक वास्तुकारांची हीच कहाणी आहे. सकाळ कंत्राटदाराच्या फोननं सुरू होते.

मग वळण कुठे आलं? आमच्या मते दोन टप्पे महत्त्वाचे आहेत, आणि दोन्ही टप्पे व्यवसायाच्या आतच आहेत.

पहिला टप्पा लघुचित्रांचा. १९८० च्या दशकात दोशींच्या कार्यालयात प्रकल्पांची सादरीकरणं राजस्थानी आणि मुघल लघुचित्रांच्या धर्तीवर होऊ लागली. 'संगत', म्हणजे त्यांचं स्वतःचं कार्यालय, आणि जयपूरजवळचं विद्याधरनगर, यांची अशी चित्रं प्रसिद्ध आहेत. हे नुसतं सजावटीसाठी केलं असं समजू नका. लघुचित्र नीट बघा. तळं वरून दिसतं, म्हणजे प्लॅन. तळ्याकाठची झाडं समोरून दिसतात, म्हणजे एलिव्हेशन. महालाची भिंत उघडी टाकलेली असते आणि आतली राणी दिसते, म्हणजे सेक्शन. शिवाय तोच नायक एकाच चित्रात तीन ठिकाणी : घोड्यावर, दारात, गच्चीवर. म्हणजे वेळही आली. आम्ही जे तीन वेगळ्या कागदांवर काढतो आणि चौथी गोष्ट, वेळ, कुठेच काढत नाही, ते सगळं एका वीतभर कागदावर.

'संगत'सारख्या इमारतीला हीच भाषा जवळची होती. अर्धी जमिनीत, वर पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांनी मढवलेल्या अर्धगोल कमानी, त्यावरून वाहणारं पावसाचं पाणी, गवताच्या पायऱ्या. तुम्ही तिथे सरळ आत जात नाही, वळत वळत जाता. एका जागी उभं राहून ती इमारत कळत नाही. मग ती एका जागेवरून काढलेल्या चित्रात कशी मावणार? इथे वास्तुकाराच्या रेघेनं पहिल्यांदा हुकूम देणं सोडलं आणि गोष्ट सांगायला सुरुवात केली.

दुसरा टप्पा गुंफेचा. मकबूल फिदा हुसेन हे दोशींचे मित्र. हुसेन यांच्या चित्रांसाठी अहमदाबादमध्ये जागा करायची ठरलं आणि १९९० च्या दशकात जी उभी राहिली तिला आज 'अमदावाद नी गुफा' म्हणतात. दोशी सांगत की स्वप्नात कूर्म आला, कासव. आता कासवाच्या पाठीचा नकाशा टी-स्क्वेअरनं कसा काढणार? गुंफेत सरळ भिंत शोधून सापडत नाही. जमीन उंचसखल, खांब झाडांसारखे कललेले, वर जाळीवर थापलेल्या फेरोसिमेंटचं पातळ कवच. आकाराचं गणित संगणकानं तपासलेलं, आणि बांधणारे हात साध्या अवजारांच्या मजुरांचे. सपाट भिंतच नाही म्हटल्यावर फ्रेम टांगायची कुठे? हुसेन यांनी मग थेट त्या कवचावरच रंगवलं.

ज्यानं आयुष्यभर चित्रासाठी भिंत बांधून दिली, त्यानं इथे चित्रकाराला भिंतच नाकारली. आणि चित्रकारानं तक्रार करत न बसता ब्रश उचलला. या प्रसंगात कोण कोणाकडून काय शिकला, हे सांगणं अवघड आहे. पण एवढं नक्की, की यानंतरच्या दोशींकडे पाहताना 'हा वास्तुकार आहे आणि तो चित्रकार' अशी रेघ ओढता येत नाही.

आणि मग उत्तरायुष्यातली चित्रं. वय वाढलं, कार्यालयाची धुरा पुढच्या पिढीकडे गेली, आणि घरी बसून दोशी रंगवू लागले. इथे इमारती आहेत, पण बांधायच्या नाहीत. इथे गिऱ्हाईक नाही, चटईक्षेत्र नाही, सामासिक अंतर नाही, गुरुत्वाकर्षणसुद्धा नाही. जिना आकाशात गेला तरी कोणी विचारणार नाही की वर कुठे पोहोचतो. नव्वदी गाठलेल्या माणसाला ही मोकळीक किती मोठी वाटत असेल, ते ज्यानं मंजुरीसाठी महापालिकेत खेपा घातल्या आहेत त्यालाच कळेल.

पण इथे एक पथ्य पाळायला हवं. प्रिट्झकरवाल्याची चित्रं म्हणून ती थोर, असं म्हणायचं नाही. चित्रकलेच्या इतिहासात गायतोंडे यांनी जे केलं, ते दोशींनी केलं असा आमचा दावा नाही. गायतोंडे दुसरं काही न करता त्या एकाच गोष्टीला चिकटून राहिले. त्या एकनिष्ठेची किंमत वेगळी आणि फळही वेगळं. दोशींच्या चित्रांचं मोल दुसरीकडे आहे. एक बांधणारं मन बांधण्याची सक्ती उठल्यावर कशाकडे धाव घेतं, याची ती नोंद आहेत. वास्तुकाराला ती वाचता आली तर स्वतःच्या व्यवसायाबद्दल पुष्कळ कळतं : आपण इतकी वर्षं काय दाबून ठेवलं होतं ते.

उलट्या दिशेचा प्रवासीही लक्षात ठेवू. सतीश गुजराल. चित्रकार, शिल्पकार. वास्तुकलेची पदवी नव्हती. लहानपणीच ऐकू येणं गेलेलं. त्यांनी दिल्लीतल्या बेल्जियमच्या दूतावासाची इमारत केली, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला. विटांची, जणू जमिनीतून उकरून काढलेल्या जुन्या वास्तूसारखी. चित्रकारानं इमारत केली तर ती शिल्पासारखी झाली. वास्तुकारानं चित्र काढलं तर त्यात जिने आले. म्हणजे दार दोन्ही बाजूंनी उघडतं, पण माणूस आपली पादत्राणं बाहेर ठेवून येऊ शकत नाही. आणि ठेवूही नयेत.

आता ती काळजीची गोष्ट. तुम्ही म्हणाल, मग उशीर झाला तरी बिघडलं नाही तर. साठीला सुरू करू. दोशींच्या बाबतीत ते जमलं, कारण त्यांचा हात साठ वर्षं थांबलाच नव्हता. पॅरिसमध्ये तो बोलत होता, अहमदाबादमध्ये तो शिकवत होता. चित्र उशिरा आलं. रेघ कधीच उशिरा आली नव्हती.

आज कार्यालयांत काय चित्र आहे? १९९० नंतर संगणक आला, ड्रॉइंग बोर्ड गोदामात गेले. त्याबद्दल रडगाणं गायचं नाही. संगणकाशिवाय गुंफेचं कवचही उभं राहिलं नसतं. पण माउसनं काढलेली रेघ हातात साठत नाही. कागदाचा खरखरीतपणा, पेन्सिलीवरचा दाब, चुकलेल्या रेघेची लाज, हे बोटांत मुरायला वर्षं लागतात. आज पंचविशीतला वास्तुकार दिवसाचे दहा तास पडद्यासमोर असतो. तो साठीला आला आणि म्हणाला, 'आता चित्रं काढतो', तर त्याच्या हाती काय असेल? इच्छा असेल, वेळ असेल, कदाचित पैसाही असेल. हात नसेल. आमच्या पिढीला जे न मागता मिळालं, ते पुढच्या पिढीला ठरवून मिळवावं लागणार आहे. आणि आपण शिकवणाऱ्यांनी ते त्यांना सांगितलं नाही, तर दोष त्यांचा नाही.

म्हणून विद्यार्थ्यांना दोन-तीन साध्या सूचना. खिशात छोटी वही ठेवा. रोज एक रेखाटन, दहा मिनिटांचं. सीताबर्डीचा किल्ला काढा, महालातला एखादा वाडा काढा, अजब बंगल्याचा व्हरांडा काढा. आठवड्यातून एकदा असं रेखाटन करा ज्यात माप नाही, सरळ रेघ नाही, आणि जे कोणाला दाखवायचं नाही. वर्षातून एकदा एखादी इमारत लघुचित्रासारखी काढून बघा : तळं वरून, झाड समोरून, घर कापून, आणि घरातली आजी तीन ठिकाणी.

आणि जे साठीच्या आसपास आहेत, आमच्यासारखे, त्यांना एवढंच. पहिली वर्षभर चित्रं नकाशासारखी होतील. पट्टी हातात येईल. येऊ द्या. मग एक दिवस पिवळा रंग घ्याल आणि त्या वेळी काही पाडायचं आहे असं मनात येणार नाही. त्या दिवसापासून मोजायला सुरुवात करा.

 आता प्रश्न असतील तर घेऊ.